आईने मागून घेतलेला नंबर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नाशिककरांना द्वारका म्हटलं की श्रीकृष्ण आठवत नाही, ट्रॅफिक आठवतो. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, तो हा आमचा चौक. वरून उड्डाणपूल गेला तरी खालची गर्दी काही हटली नाही. या चौकापासून पायी दहा मिनिटांवर आमचं घर, आणि तेवढ्याच अंतरावर डोळ्यांचा एक दवाखाना. गेल्या वर्षी आईला धरून धरून रस्ता ओलांडून मी तिथे घेऊन गेलो. आईचं वय ब्याऐंशी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला डावा जास्त.

तपासणी झाली. मग एका लहानशा खोलीत एका मुलीने आमच्यापुढे छापील कागद ठेवला. त्यावर पाच ओळी होत्या. देशी साधं भिंग, देशी घडीचं, परदेशी घडीचं, टोरिक आणि शेवटी मल्टिफोकल. प्रत्येक ओळीपुढे रक्कम. पहिल्या रकमेपेक्षा शेवटची जवळजवळ दहापट. मुलगी नम्रपणे म्हणाली, "काका, कुठलं घ्यायचं ते ठरवून सांगा."

मी तिथूनच दादाला पुण्याला फोन लावला. दादा म्हणाला, "पैशाकडे बघू नकोस. सगळ्यात वरचं घाल." आईच्या कानावर हे गेलं असावं. ती म्हणाली, "वरचं म्हणजे काय रे? कशाच्या वरचं?"

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. कुठलाही कागद हातात आला की याच्या आधी काय होतं, हे शोधायची खोड जडलेली. तो कागद खिशात घालून मी घरी आलो आणि पुढचे आठ दिवस भिंगाचा इतिहास वाचत बसलो. त्या वाचनातून मला आईच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

मोतीबिंदूवर माणसाने उपाय फार पूर्वीच शोधला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'लिंगनाश' या नावाने त्याचं वर्णन आहे. जवाच्या दाण्यासारख्या टोकाची शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत घालायची आणि गढुळलेलं भिंग बाहुलीसमोरून बाजूला सारायचं. रोग्याने त्या वेळी आपल्या नाकाकडे बघत स्थिर बसायचं. नंतर तुपात भिजवलेल्या कापसाची पट्टी बांधून उताणं निजायचं. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणं, सगळं वर्ज्य. भूल नव्हती, तेव्हा हे सगळं त्या माणसाने कसं सोसलं असेल, ते त्यालाच ठाऊक. लक्षात घ्या, भिंग बाहेर काढलं जात नसे. दारातली धोंड बाजूला सरकवावी तसं ते डोळ्याच्या आतच मागे ढकललं जाई.

आपल्या मराठी माणसाचाही या इतिहासात एक मान आहे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे, जन्म १७७७, मृत्यू १८३२. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेला हा भोसले राजा. त्याने तंजावरात धन्वंतरी महाल उभारला, वैद्य आणि डॉक्टर एका छपराखाली आणले. त्याच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि डोळ्यांची हाताने काढलेली चित्रं सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. कोण आला, डोळ्याला काय झालं होतं, काय उपचार केला, हे लिहून ठेवण्याची शिस्त त्या दरबारात होती. आज आपल्या हातात दवाखान्याची फाइल असते, तिचीच ही पणजी म्हणायची.

तिकडे युरोपात १७४७ मध्ये झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यवैद्याने पुढचं पाऊल टाकलं. त्याने गढूळ भिंग मागे न ढकलता डोळ्याबाहेर काढलं. १८८४ मध्ये कार्ल कोलरने डोळा बधिर करायला कोकेन वापरून दाखवलं आणि रोग्याचा जीव थोडा भांड्यात पडला. पण दाव्हिएल असो की सुश्रुत, एक गोष्ट सगळीकडे सारखीच होती. जुनं भिंग जागेवरून जाई, त्याच्या जागी नवं काही येत नसे. प्रकाश आत यायचा, पण तो नेमका पडद्यावर गोळा करणारं कोणी डोळ्यात उरायचं नाही. ते काम मग नाकावर ठेवलेल्या जाड काचेने करायचं.

ती जाड काच मी घरात पाहिली आहे. माझ्या आजोबांचं ऑपरेशन १९७१ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शाळेत भरलेल्या नेत्रशिबिरात झालं. मी तेव्हा नऊ वर्षांचा. वर्गातली बाकं बाहेर काढून सतरंज्या अंथरलेल्या, आणि ओळीने निजलेल्या म्हाताऱ्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलू नये म्हणून. त्या काळी भिंग त्याच्या पिशवीसकट काढत. काही आठवड्यांनी आजोबांना चष्मा मिळाला, दहा नंबरच्या आसपासचा. काच मध्ये एवढी फुगीर की समोरून बघितलं तर आजोबांचे डोळे बशीएवढे दिसत.

असा चष्मा जग पाव पटीने मोठं करून दाखवतो. आजोबा चहा ओतत तो कपाच्या अलीकडे. पायरी दिसायची तिथे नसायची. त्यातून त्या भिंगाच्या कडेला एक आंधळं कडं असतं. माणूस बाजूने चालत आला की त्या कड्यात नाहीसा होतो आणि एकदम नाकासमोर उभा राहतो. आजोबा दचकून म्हणायचे, "हा कुठून उगवला?" आम्हा पोरांना त्याचं हसू यायचं. आज येत नाही.

आणि एका एकादशीला रामकुंडावर स्नान करताना तो चष्मा गोदावरीत पडला. वडील आणि काका पाण्यात उतरून पायाने चाचपत राहिले. चष्मा मिळाला नाही. ऑपरेशन झालेला डोळा उत्तम होता, पण आजोबा पुन्हा आंधळे झाले. नवा चष्मा येईपर्यंत आई त्यांचा हात धरून त्यांना अंगणात आणून बसवायची. तेव्हा ती तरुण होती. पण ते दिवस ती विसरलेली नाही. म्हणूनच ऑपरेशनचा विषय निघाला की तिचा पहिला प्रश्न असायचा, "चष्मा हरवला तर?"

गंमत अशी की, आजोबांच्या ऑपरेशनच्या बावीस वर्षं आधी या प्रश्नाचं उत्तर लंडनमध्ये निघालेलं होतं. फक्त ते निफाडपर्यंत पोचलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात ऑगस्ट १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर या ब्रिटिश वैमानिकाच्या विमानावर गोळ्या लागल्या. डोक्यावरचं पर्स्पेक्सचं, म्हणजे काचेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकचं, आच्छादन फुटलं आणि त्याचे कण डोळ्यांत घुसले. एक डोळा गेला. हॅरॉल्ड रिडली हे नेत्रशल्यचिकित्सक अशा जखमी वैमानिकांना तपासत. त्यांच्या लक्षात आलं की डोळ्यात राहिलेले हे कण तिथे गपगुमान पडून राहतात. धातूचा कण गेला की डोळा भडकतो, तसं इथे होत नाही. पुढे एका विद्यार्थ्याने मोतीबिंदूचं ऑपरेशन बघून सहज म्हटलं की, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं बसवत नाहीत ही खेदाची गोष्ट आहे. रिडलींच्या मनात जे घोळत होतं त्याला त्या पोराने तोंड फोडलं.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी पंचेचाळीस वर्षांच्या एका बाईच्या डोळ्यात पर्स्पेक्सचं भिंग बसवलं. माणसाच्या डोळ्यात माणसाने घडवलेलं ते पहिलं भिंग. रेनर या कंपनीने ते तयार करून दिलं होतं. रिडलींनी हे दीड वर्ष बाहेर फुटू दिलं नाही. १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी जाहीर केलं तेव्हा टाळ्या कमी आणि विरोध जास्त झाला. डोळ्यातून परकी वस्तू काढणं हे डॉक्टरचं काम, घालणं नव्हे, अशी त्या काळची समजूत. इंग्लंडच्या राणीकडून 'सर' किताब मिळायला त्यांना २००० साल उजाडावं लागलं. दुसऱ्याच वर्षी ते वारले. त्याआधी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत अशीच भिंगं बसली होती. आणि तो वैमानिक क्लीव्हर, त्याच्या उरलेल्या डोळ्यात म्हातारपणी मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यालाही असंच भिंग मिळालं.

पण मला त्या पहिल्या बाईची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑपरेशन यशस्वी झालं, भिंग जागेवर बसलं, आणि बाईला भलामोठा मायनस नंबर आला, दहाच्याही पुढचा. म्हणजे नाकाजवळचं दिसे, पलीकडचं सगळं धूसर. असं का झालं? रिडलींनी निसर्गाच्या भिंगाचा गोलवा जसाच्या तसा उचलला होता. पण पर्स्पेक्स निसर्गाच्या भिंगापेक्षा प्रकाश जास्त वाकवतं. डोळ्यातल्या पाण्यात ठेवलं की हा फरक दुपटीच्या जवळ जातो. आकार बरोबर होता, ताकद चुकली होती.

म्हणजे पहिल्याच दिवशी हे सिद्ध झालं की, डोळ्यात भिंग बसवणं हे निम्मंच काम. कुठल्या नंबरचं बसवायचं, हे दुसरं निम्मं. आणि आमच्या हातातल्या त्या पाच ओळींच्या कागदावर नेमका या दुसऱ्या निम्म्याचा उल्लेखच नव्हता.

हा नंबर काढायचा कसा? त्यासाठी दोन मापं लागतात. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा गोलवा आणि डोळ्याची समोरून मागेपर्यंतची लांबी. गोलवा मोजायचं यंत्र एकोणिसाव्या शतकापासून होतं. लांबी मोजणं जमलं ते ध्वनिलहरी आल्यावर. १९६७ मध्ये रशियातल्या फ्योदोरोव्ह यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने या मापांवरून भिंगाची ताकद काढायचं सूत्र मांडलं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ या तिघांनी हजारो भिंगांचे निकाल तपासून एक सोपं सूत्र बसवलं. इतकं सोपं की सातवीतल्या मुलालाही यावं. डोळ्याच्या लांबीचे मिलिमीटर गुणिले अडीच, काचेच्या गोलव्याचा आकडा गुणिले ०.९, आणि या दोन्हींची बेरीज भिंगाच्या ठरावीक आकड्यातून वजा. समजा तो आकडा ११८, लांबी साडेतेवीस मिलिमीटर आणि गोलवा ४४. उत्तर येतं साडेएकोणीसच्या थोडं वर. म्हणजे एवढ्या ताकदीचं भिंग बसवलं तर त्या माणसाला लांबचं बिनचष्म्याचं दिसेल.

यात एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीचने चुकतो. एक मिलिमीटर म्हणजे ज्वारीचा निम्मा दाणासुद्धा नाही. पूर्वी सगळ्यांना सरसकट वीस-एकवीस ताकदीचं भिंग बसवण्याची पद्धतही होती. ज्याचा डोळा सरासरीचा, त्याचं नशीब. आज ते जुनं सूत्र मागे पडलंय, त्याच्या जागी कितीतरी बारकाईची सूत्रं आली आहेत. १९९९ पासून डोळ्याला स्पर्श न करता प्रकाशाने लांबी मोजणारी यंत्रंही आली. म्हणून सांगतो, ऑपरेशनआधी ती मोजणी करताना डोळा स्थिर ठेवा, घाई करू नका, शंका आली तर पुन्हा मोजायला सांगा. भिंग पाच हजाराचं असो की पन्नास हजाराचं, मोजणी चुकली तर दोन्ही सारखीच फसतात.

आता किमतीकडे येऊ. भारतात १९७६ पासून अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांच्यासारख्या काही डॉक्टरांनी भिंग बसवायला सुरुवात केली. त्याच वर्षी सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. पण परदेशी भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या पुढे होती. ती शिबिरातल्या शेतकऱ्याला कुठून झेपणार? त्याच्या वाट्याला आजोबांसारखा जाड चष्माच. १९९२ मध्ये अरविंदने अरोलॅब नावाने स्वतःचा भिंगाचा कारखाना सुरू केला आणि किंमत दहा डॉलरच्या आसपास आणून ठेवली. मग १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला. त्यात महाराष्ट्र होता. प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशात शंभर ऑपरेशनांपैकी पाचांतसुद्धा भिंग बसत नव्हतं. तो संपला तेव्हा पंचाहत्तरांहून जास्त डोळ्यांत बसू लागलं. शाळेच्या वर्गातली ऑपरेशनं मागे पडून माणसं रुग्णालयात येऊ लागली. आज सरकारी जिल्हा रुग्णालयात ही शस्त्रक्रिया भिंगासह मोफत होते. आजोबांच्या पिढीचा जाड चष्मा नाहीसा झाला तो असा. त्यामागे महागड्या भिंगापेक्षा स्वस्त भिंगाचा हात मोठा आहे.

मग महाग भिंगात काय जास्त मिळतं? हाही इतिहासच आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींच्या कंपनाने मोतीबिंदूचा चुरा करून तो शोषून घ्यायची रीत काढली. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसलेले असताना, दात साफ करणाऱ्या यंत्रावरून त्यांना हे सुचलं. हीच आपली फेको. म्हणूनच आता मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबत नाहीत. फार पिकलेला, दगड झालेला मोतीबिंदू फोडायला उलट जड जातो. फेकोला छेद लागतो जेमतेम तीन मिलिमीटरचा, पण पर्स्पेक्सचं कडक भिंग सहा मिलिमीटरचं. दार लहान आणि कपाट मोठं! त्यावर तोडगा म्हणून १९८४ मध्ये थॉमस मॅझोको यांनी मऊ सिलिकॉनचं घडीचं भिंग आणलं. घडी घालून आत न्यायचं आणि आत उलगडू द्यायचं. पुढे ॲक्रिलिकची घडीची भिंगं आली. छेद लहान म्हणून डोळा लवकर सावरतो आणि तिरपा नंबर कमी येतो.

पण कडक भिंगवाला माणूस फसला का? आमच्या द्वारकेवरून जो रस्ता सुटतो त्याच्या दुसऱ्या टोकाला, पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात, डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. चारशे डोळे, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी. निम्म्यांना फेको, निम्म्यांना हाताने केलेलं लहान छेदाचं बिनटाक्याचं ऑपरेशन. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी, चष्मा लावून, दोन्ही गटांत शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांना चांगली नजर आलेली होती. बिनचष्म्याच्या नजरेत फेको थोडी पुढे होती. हाताच्या ऑपरेशनला खर्च मात्र कितीतरी कमी. म्हणजे पहिली ओळ निवडणाऱ्याने मान खाली घालायचं काही कारण नाही.

राहिल्या शेवटच्या दोन ओळी. टोरिक भिंग हे ज्यांना मुळात तिरपा नंबर जास्त आहे त्यांच्यासाठी. तो नसेल तर त्याचे पैसे वाया. आणि मल्टिफोकल भिंग प्रकाशाची वाटणी करतं, थोडा लांबच्याला, थोडा जवळच्याला. त्यामुळे अनेकांचा चष्मा खरोखर सुटतो. पण वाटणी म्हटली की प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती काहींना कडी दिसतात, अंधूक उजेडात अक्षर फिकं पडतं. ज्याला रात्री घाटातून गाडी चालवायची आहे त्याने हे विचारून घ्यावं. आणि ज्याचा डोळ्याचा पडदाच आजारी आहे, त्याला ही वाटणी परवडत नाही.

एवढं वाचून मी आईला घेऊन पुन्हा गेलो. या वेळी आधी डॉक्टरांना भेटायचं ठरवलं. आईच्या पडद्यावर वयाचे थोडे डाग होते. डॉक्टर स्वतःच म्हणाले की शेवटची ओळ त्यांच्यासाठी नाही. दादाचं 'सगळ्यात वरचं' असं पहिल्या मिनिटात बाद झालं. मागच्या खेपेला मी त्या ओळीपुढे सही करायच्या बेतात होतो, हे मी तिथे बोललो नाही.

मग डॉक्टरांनी आईला विचारलं, "आजी, दिवसभर काय करता?"

आई म्हणाली, "काय करणार? सकाळी वाती वळते. तांदूळ निवडते. मग पेपर, दुपारी पोथी. कुणाचं बटण तुटलं तर लावते. लावायचे, आता सुईचं नेढंच दिसत नाही."

"आणि चष्मा?"

"तो लांबचा. शाळेत होते तेव्हापासूनचा. वाचताना कपाळावर."

मला आठवलं. आईला कधी चाळिशी लागलीच नाही. आम्ही सगळे चष्मा शोधत फिरायचो तेव्हा ती उघड्या डोळ्यांनी पंचांगातलं बारीक टाइप वाचायची. तिचा तीन मायनस नंबर होता. डॉक्टरांनी समजावलं, "सगळ्यांना बसवतो तसं लांबचं भिंग बसवलं तर तुम्हाला रस्ता चष्म्याशिवाय दिसेल, पण पोथीला आणि सुईला चष्मा लागेल. उलट भिंग जरा जास्त ताकदीचं घेतलं तर अडीचच्या आसपास मायनस नंबर राहील. जवळचं उघड्या डोळ्यांनी, लांबच्याला चष्मा. दोन्ही डोळ्यांचं एकाच धोरणाने करू. सांगा, काय हवं?"

आई क्षणभरही थांबली नाही. "लांबच्याला चष्म्याची सवय आहे मला. जवळच्याला मी कधी लावला नाही. जवळचं माझं मला असू द्या. मग चष्मा हरवला तरी हातातलं तर दिसेल!"

पन्नास वर्षांपूर्वीची गोदावरी तिच्या डोळ्यांपुढे होती, हे डॉक्टरांना कुठून कळणार? मला कळलं.

१९४९ मध्ये लंडनच्या त्या बाईला जे चुकून मिळालं होतं, तेच माझ्या आईने मोजून मापून, बेताने, मागून घेतलं. या दोन मायनस नंबरांच्या मधे सगळा इतिहास आहे. आणि 'कशाच्या वरचं?' या तिच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. भिंगांना वरची आणि खालची अशी उतरंड नसते. भिंग त्या माणसाच्या दिवसाला जुळतं किंवा जुळत नाही. भिंगाचं द्रव्य, घडी, देशी-परदेशी हे सगळं नंतर बघायचं. आधी ठरवायचं की चष्म्याशिवाय आपल्याला काय दिसायला हवं. ते डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगायचं. पूर्वी नंबर काय होता, वाचताना चष्मा काढत होतो का, रात्री गाडी चालवतो का, पडदा कसा आहे, हे सांगायचं आणि विचारायचं.

आम्ही दुसऱ्या ओळीतलं देशी घडीचं भिंग घेतलं. डोळ्यातलं भिंग २००५ पासून आपल्या कायद्यात औषधाच्या व्याख्येत धरलं गेलं. त्याच्या डबीवर ताकद, अनुक्रमांक, मुदत, किंमत छापलेली असते आणि त्याचं चिकटपत्र रुग्णाच्या कार्डावर लावतात. ते मागून घ्या आणि जपून ठेवा. आईच्या कार्डावर आहे, साडेवीस. तिच्या लांब डोळ्याला साडेसतराच्या आसपास ताकदीने लांबचं दिसलं असतं. वरचे तीन तिने पोथीसाठी मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. आईने पहिल्यांदा स्वतःचे हात डोळ्यांपाशी नेले आणि कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहिले. म्हणाली, "अगंबाई, इतके म्हातारे झाले होय माझे हात?" मग पदराकडे बघून म्हणाली, "हे लुगडं निळं आहे? मी तर राखाडी समजून नेसत होते." मोतीबिंदू पिवळट असतो, तो निळा रंग गिळून टाकतो. तो निघाला की निळं परत येतं.

महिन्याभराने दुसरा डोळाही झाला. परवा दादा पुण्याहून आला. फाटकाशी उभा राहून त्याने विचारलं, "काय आई, दिसतोय का मी?" आई ओटीवर सुईत दोरा ओवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तू जवळ ये. लांबच्या माणसांना बघायला मला चष्मा लावावा लागतो."